एका पावलासाठी दहा मिनिटे: टर्न-बेस्ड (आळीपाळीच्या) खेळांतील तुकडीच्या लढाया आपल्याला का धरून ठेवतात?

कंदील

नमस्कार मंडळी.

काल रात्री साडेअकराला मी लॅपटॉप मिटला तेव्हा लढाई अर्धवट राहिली होती. २०१२ सालचा 'एक्सकॉम: एनिमी अननोन' हा परग्रहवासीयांशी आळीपाळीने लढायचा संगणकावरचा खेळ मी 'क्लासिक' काठिण्यपातळीवर आणि 'आयर्नमॅन' पद्धतीने खेळत आहे; म्हणजे खेळ आपला आपण सेव्ह होत राहतो आणि मागे जाऊन चूक दुरुस्त करायची सोय नसते. पेट्रोल पंपाच्या आवारात माझे चार सैनिक आहेत. समोर दोन 'थिन मॅन' (माणसाच्या रूपातले परग्रहवासी) उरले आहेत: एक पंपाच्या छपरावर, दुसरा लाकडी कुंपणामागे. माझी वासंती (सगळ्या सैनिकांना मी आजोळच्या माणसांची नावे दिली आहेत) कमरेएवढ्या भिंतीआड बसली आहे आणि तिची हेल्थ दोनच उरली आहे. स्नायपरचा छपरावरच्या शत्रूवरचा नेम ७२ टक्के दिसतो. हेवीचे, म्हणजे जड शस्त्रे बाळगणाऱ्या सैनिकाचे, रॉकेट वापरून झाले आहे, पण एक ग्रेनेड शिल्लक आहे. सपोर्ट, म्हणजे मदतनीस, असलेल्या गणपतकडे धुराचा ग्रेनेड आहे; त्या धुरात असलेल्यावर शत्रूचा नेम लागणे अवघड जाते. पाळी माझी आहे आणि ती संपवायची कोणालाच घाई नाही.

दहा मिनिटे मी नुसता माउस या चौकोनावरून त्या चौकोनावर नेत बसलो होतो. आज सकाळी दात घासताना आणि नंतर बसमध्येही डोळ्यांसमोर तेच आवार होते. ज्या खेळात दहा-दहा मिनिटे पडद्यावर काहीच हलत नाही, तो खेळ माणसाला इतका धरून कसा ठेवतो, हा माझा प्रश्न आहे. माझे स्वतःचे उत्तर असे की हे खेळ निर्णय पूर्णपणे आपल्या पदरात टाकतात. वेगवान खेळात हरलो तर हात कमी पडला असे म्हणता येते. इथे वेळ भरपूर होता, आकडे समोर होते, तरीही जे घडले ते आपण सांगितले म्हणून घडले. तुम्हाला काय वाटते? आणि वासंतीला वाचवायची काही युक्ती सुचत असेल तर तीही अवश्य सांगावी.

सह्यवारा

वासंतीच्या शेजारी मोटार उभी आहे का, ते आधी पाहा. या खेळात गोळ्या लागून मोटार पेट घेते आणि थोड्याच वेळात फुटते; दोन हेल्थच्या सैनिकाला तो स्फोट पुरेसा आहे.

जुनीफ्लॉपी

कंदील, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. या प्रकारच्या खेळांवर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही.

माझी सुरुवात १९९४ च्या मूळ खेळाने झाली. ज्युलियन गोलप यांनी आधी 'रिबेलस्टार' आणि १९८८ मध्ये 'लेझर स्क्वॉड' हे खेळ केले होते. त्याच वळणाने पुढे 'यूएफओ: एनिमी अननोन' आला, ज्याला अमेरिकेत 'एक्स-कॉम' हे नाव मिळाले. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली सीडी मी ४८६ संगणकावर चालवली तेव्हा सोबत पुस्तिका नव्हती, त्यामुळे प्रत्येक नियम कोणाचा तरी जीव देऊन शिकावा लागला.

रात्रीच्या पहिल्या मोहिमेत माझे विमान शेतात उतरले. विमानात चौदा सैनिक बसू शकत, माझ्याकडे आठ होते. मागचा उतार खाली आला, बाहेर मिट्ट काळोख, आणि मी पहिल्या सैनिकाला सरळ उतारावरून खाली चालवले. त्याने तीन पावले टाकली आणि कुठूनसा हिरवा झोत आला. दुसऱ्याला पाठवले, त्याचेही तेच झाले. गोळी झाडणारा मला दिसतसुद्धा नव्हता. ती पाळी शत्रूची नसूनही तो कसा काय मारू शकला, हे समजायला मला एक आठवडा लागला. त्या खेळात प्रत्येक सैनिकाकडे 'टाइम युनिट' असत: साध्या जमिनीवरचे एक पाऊल चार युनिट, गुडघ्यावर बसायला चार युनिट, आणि नेम धरून झाडायची असेल तर एकूण युनिटांचा मोठा हिस्सा. ज्याने आपली युनिटे राखून ठेवली असतील तो, चपळाई पुरेशी असेल तर, समोरच्याच्या पाळीत मध्येच गोळी झाडू शकत असे. मी तीन पावले चालवून माझ्या माणसाची सवड संपवत होतो, आणि पलीकडचा न हलता त्याच सवडीची वाट पाहत होता.

हे उमगल्यावर खेळाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. पहिली पाळी विमानातच काढायची, उतारावर धुराचा ग्रेनेड टाकायचा, अंधारात प्रकाशाची कांडी फेकायची, आणि मग एकेक जण बाहेर काढायचा. न वापरलेला वेळ हेसुद्धा शस्त्र असते, ही गोष्ट मला त्या खेळाने शिकवली. २०१२ च्या आवृत्तीत जेक सॉलोमन यांच्या चमूने टाइम युनिट काढून प्रत्येकाला दोन कृती दिल्या. खेळ सुटसुटीत झाला हे खरे, पण पावलापावलाचा तो हिशेब गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

प्यादे

मी मुळात बुद्धिबळ खेळणारा आहे, त्यामुळे माझे मत वेगळे आहे. विचार करायला लागणारा वेळ मला प्रिय आहे, परंतु विचारांती केलेली उत्तम चाल एका फाशाने वाया जावी हे मला पटत नाही. कंदील यांचा स्नायपर ७२ टक्क्यांना चुकला तर त्यात त्यांच्या निर्णयाचा दोष काय? आणि दोष नसेल तर 'निर्णय पदरात पडतो' हे विधान टिकत नाही.

म्हणून मला २०१८ चा 'इंटू द ब्रीच' या प्रकारातला सर्वांत निर्मळ खेळ वाटतो. बुद्धिबळासारखाच आठ बाय आठचा पट, आपली तीन यंत्रे, आणि शत्रू पुढच्या पाळीत कोणत्या घरावर हल्ला करणार हे आधीच दाखवलेले असते. त्यामुळे मारण्यापेक्षा ढकलण्याला महत्त्व येते: शत्रूच्या एका राक्षसी किड्याला एक घर बाजूला सरकवले की त्याचा फटका त्याच्याच सोबत्यावर बसतो आणि इमारत वाचते. नशिबाचा भाग नाममात्र आहे. हल्ला झालेली इमारत क्वचित आपोआप तग धरते एवढाच. तिथे हरलो तर खरोखर मीच हरलेला असतो.

तिठा

प्यादे, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण मी त्याच्या नेमक्या उलट्या निष्कर्षाला येतो.

८५ टक्क्यांचा नेम आपल्याला 'लागणारच' असा वाटतो. तसे पाच नेम ओळीने लागण्याची शक्यता मात्र सुमारे ४४ टक्केच असते. म्हणजे ज्याची योजना पाचही गोळ्या लागण्यावर उभी आहे, त्याची योजना निम्म्याहून अधिक वेळा कोसळणार. याउलट ६५ टक्क्यांचे तीन नेम एकाच शत्रूवर धरले तर त्यांतला किमान एक लागण्याची शक्यता जवळजवळ ९६ टक्के आहे. हे ज्याला उमगले तो एकेका गोळीवर चिडत नाही. तो आधी विचारतो की ही चुकली तर पुढे काय? माझ्या मते या खेळांतले कौशल्य त्या 'तर'मध्ये आहे. बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याच्या चालीला उत्तर तयार ठेवावे लागते, इथे नशिबाच्या चालीला.

शिवाय ही कल्पना संगणकाच्या खूप आधीची आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राइसवित्स यांचा 'क्रिग्सश्पील' हा खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आला, तेव्हा त्यात नकाशा होता, दोन्ही पक्षांमध्ये मिळून एक पंच होता, आणि गोळीबाराचा परिणाम ठरवायला फासेही होते. सेनापतीला सगळे दिसत नाही आणि सगळे त्याच्या मनासारखे होत नाही, हे त्यांना खेळातच शिकवायचे होते. आपल्याकडे पटावरचे चतुरंग होते तसे फाशांवरची सारीपाटही होती. मला या खेळांत त्या दोहोंची भेट झालेली दिसते.

अबोली

मी एक वेगळे कारण सांगते. सहा वर्षांपूर्वी माझ्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर वेगाने बटणे दाबायचे खेळ मला कायमचे सोडावे लागले. पंधरा मिनिटांत हात बधिर होत असे. भावाने 'फायर एम्ब्लेम' आणून दिला तेव्हा पहिल्यांदा असे झाले की खेळ माझ्यासाठी थांबला. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून चहा पिऊ शकत होते, बोटांना विश्रांती देऊ शकत होते, आणि परत उचलला तेव्हा सगळे जसेच्या तसे होते. माझ्या हाताकडे कमीपणा म्हणून न पाहता माझ्या बुद्धीला कामाला लावणारा खेळ मिळणे, ही माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

त्या मालिकेतला पहिला खेळ १९९० चा आहे आणि तेव्हापासून तिथे लढाईत पडलेला माणूस परत येत नाही. पुढे 'कॅज्युअल' पर्याय आला, ज्यात पडलेले सोबती पुढच्या लढाईला पुन्हा हजर होतात. काही जण त्या पर्यायाला कमी लेखतात, ते मला मान्य नाही. माझी पहिली मोहीम मी तशीच खेळले, म्हणून दुसरी कठोर नियमांनी खेळण्याचे धाडस आले.

तिठा, तुमच्या टक्केवारीवरून आठवले: २००२ च्या 'बाइंडिंग ब्लेड'पासून त्या मालिकेतल्या बऱ्याच खेळांत एकाऐवजी दोन यादृच्छिक संख्यांची सरासरी घेतली जात असे. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के लिहिलेला नेम प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के वेळा लागे आणि ३० टक्क्यांचा जेमतेम १८ टक्के. आपल्या मनाला '९० म्हणजे लागणारच' असे वाटते, त्याला हे गणित जुळवून घेतलेले आहे.

तिठा

अबोलीताई, अगदी बरोबर. 'एक्सकॉम २' मध्येही सोप्या पातळ्यांवर, ओळीने नेम चुकले की पुढच्या नेमाला न सांगता थोडी मदत मिळते. सर्वांत वरच्या पातळीवर मात्र आकडा लिहिलेला असतो तेवढाच खरा असतो.

खारवारा

मला या चर्चेत एक बाजू सुटलेली वाटते. तुकडीची लढाई थांबून-थांबूनच खेळावी असे काही नाही. १९९८ चा 'कमांडोज' आठवा. आमच्या गोव्यातल्या सायबर कॅफेत तो कित्येक संगणकांवर असे आणि संध्याकाळभर एकाच मोहिमेभोवती पाच-सहा जण उभे राहून सल्ले देत. तिथेही वेगवेगळ्या कौशल्यांची माणसे आहेत, तिथेही योजना आहे, पण पहारेकऱ्याची नजर तुमच्यासाठी थांबत नाही. तो वळला आणि तुम्ही प्रेत ओढत आहात, त्या क्षणी छातीत जे होते ते आळीपाळीच्या खेळात मला कधी अनुभवता आले नाही.

जुनीफ्लॉपी

खारवारा, 'कमांडोज' मीही आवडीने खेळलो आहे आणि तो थरार खरा आहे. पण मला दोन्हींतली धडधड वेगळी वाटते. तिथे छाती धडधडते ती काम चालू असताना. इथे ती 'पाळी संपवा' हे बटण दाबल्यानंतर धडधडते, कारण आता माझ्या हातात काहीच उरलेले नसते. मूळ 'एक्स-कॉम'मध्ये शत्रूच्या पाळीत पडदा झाकला जाई. अंधारात कुठेतरी दार उघडल्याचा आवाज येई आणि आपण खुर्चीत गप्प बसून ते दार कोणते असेल याचा अंदाज करत असू. ते काही सेकंद मला अजून आठवतात.

हिशेबनीस

इतका वेळ कोणी 'जॅग्ड अलायन्स २' चे नाव काढले नाही, म्हणून लिहायला बसलो. माझ्या मते १९९९ चा हा खेळ या प्रकाराचा कळस आहे, आणि त्याचे कारण आकड्यांत नाही, माणसांत आहे.

अरुल्को नावाच्या काल्पनिक देशात जुलमी राणी डेड्राना राज्य करते आणि तिला हटवायला आपण भाडोत्री सैनिक घेऊन उतरतो. प्रत्येकाचा ठरावीक मुदतीचा करार, वेगळा आवाज, वेगळा स्वभाव. काहींचे एकमेकांशी इतके वाकडे असते की नको तो माणूस घेतला तर आधीचा कुरकुरतो, प्रसंगी करार वाढवायला नकार देतो. आपल्या हाताखाली फार माणसे मेली असतील तर नवे लोक येत नाहीत. म्हणजे लढाईतल्या चुकीची किंमत पुढच्या आठवड्यातही मोजावी लागते. पगार द्यायला खाणी हव्यात, खाणी राखायला गावातली माणसे शिकवून तयार करायला हवीत, आणि ज्या दिवशी चांगला नेमबाज गावकऱ्यांना शिकवण्यात गुंतला आहे त्याच दिवशी शत्रू दुसऱ्या गावावर चालून येतो.

आणि नेमाची टक्केवारी तिथे मुळात दाखवतच नाहीत. जास्त ॲक्शन पॉइंट खर्चून नेम अधिक बारीक धरता येतो, डोके, धड की पाय हे निवडता येते, पण लागेल की नाही हे त्या माणसाच्या कसबावरून आणि आपल्या अनुभवावरून ओळखायचे. २०२३ च्या तिसऱ्या भागानेही ती पद्धत सोडली नाही. सुरुवातीला मला ते अन्यायाचे वाटले. मग लक्षात आले की आकडा दिसत नसला की मी माणसाकडे पाहतो: हा थकला आहे, याला अंधारात बरे दिसते, याच्या हातात जुनी बंदूक आहे. आकडा दिसला की मी फक्त आकड्याकडे पाहतो.

प्यादे

हिशेबनीस, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. आकडा लपवल्याने निर्णय अधिक माझा होतो, हे मला आधी सुचले नव्हते. नशिबाविषयीची माझी तक्रार कायम आहे, पण हा खेळ घेऊन पाहीन.

हिशेबनीस

घ्या जरूर, आणि सोबत चाहत्यांनी तयार केलेली १.१३ ही आवृत्ती बसवा. मात्र एकदा मूळ खेळ पूर्ण केल्यावरच.

दूरदेशी

मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि धाकटा भाऊ नाशिकला. गेले वर्षभर दर शनिवारी आम्ही दोघे मिळून 'बाल्डर्स गेट ३' खेळतो, चार जणांच्या तुकडीत दोन माझे, दोन त्याचे. इथे कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो: आळीपाळीचा खेळ बोलायला जागा देतो. वेगवान खेळात आम्ही नुसते ओरडत असू. इथे त्याची पाळी असताना मी म्हणतो, 'अरे, आधी त्याला पुलाच्या काठाशी येऊ दे, मग ढकल', आणि तो म्हणतो, 'दादा, थांब, माझ्याकडे दुसरे काही आहे'. एका लढाईला दीड तास लागतो, आणि त्यात आईच्या गुडघ्यापासून त्याच्या नोकरीपर्यंत सगळ्या गोष्टी होतात. फोनवर आम्ही पाच मिनिटांच्या वर कधी बोललो नाही.

सह्यवारा

मंडळी, चर्चा सुंदर चालली आहे, पण वासंती अजून भिंतीआडच आहे.

हिशेबनीस

तेही पाहू. मी आधी हेवीचा ग्रेनेड कुंपणावर टाकीन. ग्रेनेड चुकत नाही, शत्रू जखमी होईल आणि लाकडी आडोसा उडून जाईल. आडोसा नसलेल्या शत्रूवर बाकीच्यांचे नेम कितीतरी वाढतात. जे निश्चित आहे ते आधी करून घ्यावे.

तिठा

मी नेमका उलटा क्रम धरीन. आधी स्नायपरने छपरावर झाडावी, कारण ते अनिश्चित आहे. लागली तर तुमच्याकडे तीन माणसे आणि एकच शत्रू उरेल, कदाचित ग्रेनेडही वाचेल. चुकली तर ते आधीच कळले आणि उरलेल्या तिघांच्या कृती त्यानुसार ठरवता येतील. ज्या चालीचे फळ ठाऊक नाही ती आधी, ज्या चालीचे फळ ठाऊक आहे ती हाताशी राखून. आणि धूर सर्वांत शेवटी, वासंती जिथे थांबेल तिथे.

कंदील

सर्वांचे प्रतिसाद दुपारी वाचले आणि घरी आल्यावर आधी ती लढाई पूर्ण केली.

तिठा यांचा क्रम घेतला. स्नायपरचा ७२ टक्क्यांचा नेम चुकला. मग हेवीचा ग्रेनेड: कुंपण उडाले, थिन मॅन जखमी झाला पण मेला नाही. आता उघड्यावरचा तो शत्रू वासंतीला ८३ टक्के दिसत होता. तिला मागे पळवावे की झाडायला सांगावे, यावर पुन्हा बराच वेळ गेला. शेवटी झाडली आणि लागली. तो फुटल्यावर पसरलेला विषारी धूर तिच्यापर्यंत पोहोचला नाही. राहिला छपरावरचा एक. गणपतला मी पंपाच्या खांबाआडून पुढे आणले आणि धुराचा ग्रेनेड वासंतीच्या भिंतीवर टाकायला लावला. तो खांबापासून फार दूर जाऊ नये म्हणून मी त्याला एका बाकापाशी थांबवले. तिथून एक चौकोन पुढे गेला असता तर तोही धुराच्या आत आला असता. हे मला बटण दाबल्यावर दिसले.

छपरावरच्या शत्रूने धुरातल्या वासंतीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने गणपतवर झाडली. पुढच्या पाळीत स्नायपरने छपरावरचा पाडला आणि मोहीम जिंकली.

प्यादे, तुम्ही विचारले होते की नेम चुकला तर निर्णयाचा दोष काय. स्नायपरच्या चुकीचे मला काही वाटले नाही. तो एक चौकोन मात्र माझा होता.

अबोली

वासंती वाचली ना?

कंदील

वाचली. तळावरच्या दवाखान्यात आहे, बरी व्हायला काही दिवस लागतील. गणपतचे नाव स्मारकाच्या भिंतीवर आले आहे. तिथले ते पहिलेच नाव. नवा रंगरूट घेतला आहे, त्याला अजून नाव दिलेले नाही.